डाळ कोणी वाटली

सडेवाडी, पूर्णगडानजीक
२६ एप्रिल १९३१

चि. हरिश्चंद्र यास,

आशीर्वाद तुला मी रोज संध्याकाळी ओटीवर बसून देतोच, म्हणून पत्राच्या डोक्यावर पुन्हा लिहीत नाही. चार वर्षांनी लिहितो आहे, तेही गरज पडली तेव्हा. आधी माझ्या कानाला हात.

आमच्या खालच्या आळीत ताप आला आहे. हुडहुडी भरून चढणारा आणि घाम येऊन उतरणारा नव्हे. हा पायरीपायरीने वर जातो आणि तिथेच ठाण मांडतो. अकरा माणसे आडवी आहेत. त्यांत माझी नात मालन, नऊ वर्षांची. परवापर्यंत भुजंगप्रयातात घर डोक्यावर घेत होती, आता डोळे मिटून नुसते ओठ हलवते. तुझी मथुआत्या तिच्या उशाशी बसून आहे. धाकटी बहीण माझी, पण मी ऊठ म्हटले तरी उठत नाही.

आळीचे म्हणणे असे की ताप इद्रीसच्या मचव्यातून मुंबईहून आला. मोहल्ल्याची माणसे आपल्या पायवाटेने येता कामा नयेत, अशी भाषा चालली आहे. निवृत्त मास्तराला कोण विचारतो? तू मात्र सरकारच्या आरोग्य खात्यातला मोठा अंमलदार. अख्ख्या इलाख्यातले ताप तू पुण्यात बसून मोजतोस असे ऐकतो. आमचाही एक मोज. औषध असेल तर पाठव.

काल शाळेवरून गेलो. आत पोरे कविता म्हणत होती, मी चाळीस वर्षांपूर्वी लावलेल्या चालीवर. दाराशी उभा राहिलो. आमच्या घरी राहून शिकत होतास तेव्हाचा तुझा आवाज घोळक्यात शोधत होतो. असे होते हल्ली.

तुझा
रावजी मास्तर


पुणे, १ मे १९३१

ती. मास्तर,

तुमचे पत्र कचेरीत आले. उभा राहून वाचले. बसून वाचायची अजून हिंमत होत नाही.

औषध नाही. तुम्ही वर्णन केलात तो मुदतीचा ताप. तीन आठवडे तो आपली मुदत पुरी करतो, आणि तोवर माणूस टिकवणे एवढेच आपल्या हाती. मालनला पातळ पेज, उकळून गार केलेले पाणी. तिचा मैला चुना टाकून खोल पुरायचा. आत्याला सांगा, तिची सेवा करून झाली की प्रत्येक वेळी हात धुवायचे. ती हसेल. तरी सांगा.

गावोगावचे पाटील मला मेलेल्यांचे कागद पाठवतात. त्यांत कारणाचा एकच शब्द असतो: 'ताप'. हिवताप, बाळंतरोग, मुदतीचा ताप, सगळे त्या एका शब्दाखाली झाकलेले. अठरा वर्षे मी तो शब्द उचकटतो आहे. तुमच्यासारखी हजेरी घेणारा माणूस मला एकाही गावात मिळाला नाही, म्हणून तुम्हालाच कामाला लावतो. प्रत्येक आजाऱ्याचे नाव, वय, ताप कोणत्या दिवशी लागला, पाणी कोणत्या विहिरीचे, आणि त्याआधीच्या तीन आठवड्यांत घराबाहेर कोठे काय खाल्ले. सोबत जांभळी पूड आहे. विहिरीला गुलाबी रंग येईल इतकी टाका.

यादी येईपर्यंत इद्रीसला कोणी काही बोलू नये. माझे नाव सांगा.

हरिश्चंद्र


सडेवाडी, ९ मे

चि. हरिश्चंद्र,

यादी सोबत आहे. घरोघर फिरलो, प्रत्येक उंबऱ्याशी पाणी प्यालो, उकळलेले. अक्षर तुला ओळखू येईल.

विहीर जांभळी झाली. बायका म्हणतात, मास्तरांनी विहिरीचे कोकमाचे सार केले. तीन दिवस कोणी पाणी भरीना.

चौदा झाले. शेजारची नवी सून काशी परवा गेली. सोळा वर्षांची. तिला लिहायला शिकायचे होते, मथुआत्याने मला सांगितले होते, मी आषाढात बघू म्हटले होते. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी आषाढावर टाकल्या.

मालन तिसऱ्या आठवड्यात आहे. काल 'आत्या, भात' म्हणाली. आत्या माजघरात गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

तुला कामास येईल म्हणून लिहितो. चौदांत बारा बायका आणि मुली. मोहल्ल्यात एकही नाही. आणि आमचे कूळ भागोजी, तो तर वरच्या वाडीत राहतो, झऱ्याचे पाणी पितो, आळीच्या विहिरीला त्याचा हात लागत नाही, तरी तो पडला. मी त्याला विचारले, तर म्हणाला, "मास्तर, तापाला काय वाट दाखवावी लागते व्हय."

रावजी


पुणे, १५ मे

ती. मास्तर,

यादी मी भिंतीवर लावली आहे. खात्यातले दोघे डॉक्टर बघून गेले आणि मास्तर कोण म्हणून विचारत होते.

विहिरीचा दोष नाही. विहिरीचे पाणी पुरुषही पितात, मग ते का पडले नाहीत? इद्रीसचाही दोष नाही, हे आळीत मोठ्याने सांगा. बहुतेकांना ताप १३ ते २० एप्रिलच्या दरम्यान लागला आहे. त्याच्या दहा-बारा दिवस मागे जा. अशी कोणती जागा, जिथे बायका-मुली गेल्या आणि पुरुष गेले नाहीत? आणि जिथला एक घास वरच्या वाडीतल्या भागोजीच्याही पोटात गेला?

काशीचे वाचले. ती मला माहीत नव्हती. यादीत तिच्या नावासमोर तुम्ही 'लिहिण्याची हौस' असे लिहिले आहे. तो रकाना मी दिलेला नव्हता. राहू दिला आहे.

हरिश्चंद्र


सडेवाडी, २२ मे

चि. हरिश्चंद्र,

तुझे पत्र वाचले आणि मी ओटीवरच बसलो. ती जागा आमचेच घर.

३ एप्रिलला, शुक्रवारी, आमच्याकडे चैत्रगौरीचे हळदीकुंकू झाले. सुनेने, आनंदीने, हौसेने केले. आंब्याच्या डहाळ्या, कलिंगडाची कमळे, पन्हे, भिजवलेले हरभरे आणि कैरी घातलेली वाटली डाळ. एकतीस जणी आल्या, नावे मागे दिली आहेत. त्या दिवशी मी पोफळीच्या आगरात जाऊन बसलो होतो, घरात पुरुषाला पाय ठेवायला जागा नव्हती. भागोजीला विचारले. म्हणाला, "वैनीनी मागल्या दारी पानावर डाळ दिली व्हती की. लई ग्वाड लागली." आजारी पडलेल्या बाराही जणी त्या एकतिसांत आहेत. उरलेले दोघे म्हणजे एक भागोजी, आणि दुसरे दामूकाका, त्यांच्यासाठी बायकोने द्रोणात घरी नेली होती.

पन्हे तर भागोजीने घेतले नव्हते. म्हणजे डाळच ना? पण ती घरच्यांनीच केली, सोवळ्यात. बाहेरचे कोणी शिवले नाही. असे कसे होईल ते मला कळत नाही.

मालन उठून बसते. केस गळले, टक्कल झाले आहे. आरसा मागते आणि कोणी देत नाही.

रावजी


पुणे, २९ मे

ती. मास्तर,

'घरच्यांनी' म्हणजे कोणी?

एकतीस नावांत जेवढ्या खाणाऱ्या होत्या तेवढ्या सगळ्या आहेत. करणारी एकही नाही. शिजलेल्या अन्नात हा ताप टिकत नाही. डाळ मात्र शिजत नाही. भिजते, वाटली जाते, हाताने कालवली जाते आणि संध्याकाळपर्यंत तशीच राहते. काही माणसे वर्षानुवर्षे चांगली असतात, हिंडतात-फिरतात, आणि हा ताप त्यांच्या पोटात राहत असतो. त्यांचे त्यांनाही माहीत नसते. डाळीला ज्यांचे हात लागले त्या प्रत्येकाचा मैला तपासायला हवा. बाटल्या पाठवल्या आहेत, झाकणे लाखेने बंद करा. लाजू नका, माझा सगळा संसार अशा बाटल्यांवर चालला आहे.

तोपर्यंत त्यांच्यापैकी कोणीही न शिजवलेले काही दुसऱ्याला देऊ नये.

हरिश्चंद्र


सडेवाडी, २७ जून

चि. हरिश्चंद्र,

उत्तराला उशीर झाला. पावसाने बोटी बंद, टपाल घाटावरून जाते. आनंदीची बाटली पाठवली आहे, इद्रीसने स्वतः रत्नागिरीपर्यंत चालत नेली. आळी त्याला काय म्हणत होती हे त्याला ठाऊक आहे, तरी नेली.

इकडे भात लावणी चालू आहे. सड्यावर हिरवी पोपटी लव आली आहे. अधिक महिना म्हणून घरोघरी अनारसे. मला तुझे लहानपणचे अक्षर आठवते, शेपटी लांब काढायचास.

बाकी क्षेम.

रावजी


पुणे, ६ जुलै

ती. मास्तर,

आनंदीवहिनीची बाटली निर्दोष.

मी तुमच्या घरी चार वर्षे राहिलो. त्या घरात डाळ कोण वाटते हे मला माहीत आहे. पण ते मी लिहिणार नाही. तुम्ही लिहायचे आहे.

हरिश्चंद्र


सडेवाडी, १६ जुलै

हरी,

मथुरेने.

पहिल्या वेळी मी लपवले नव्हते, एवढे माझे ऐक. बायका-मुली कोणत्या जागी गेल्या असे तू विचारलेस, आणि मी हळदीकुंकवाची एकतीस नावे लिहिली. विधवा बाई हळदीकुंकवाला नसते. ती माजघराच्या मागे पाट्यावर असते. दिवसभर तिने डाळ वाटली, भागोजीला आनंदीने दिली ती तिच्याच हातची, आणि माझ्या मनात ती 'तिथे' नव्हतीच. एकोणतीस वर्षे ती माझ्या घरात आहे, हरी. मी हजेरी घेणारा मास्तर.

तुझे 'घरच्यांनी म्हणजे कोणी' वाचले तेव्हा ती मला दिसली. आणि मग मात्र मी लपवले. तिच्याजवळ दुसरे काय आहे? मंगल कार्यात तिला पुढे यायचे नाही, चांगले नेसायचे नाही. पण मुंजीला, संतर्पणाला चार गावांतून निरोप येतो की मथुराबाईंना पाठवा, सोवळे म्हणजे त्यांचे सोवळे. ते मी काढून घ्यायचे? तिला भावाच्या घरून कुठे लांबच्या नात्याकडे पाठवावे, असाही विचार केला.

आठ दिवसांपूर्वी आनंदी पडली. पायरीपायरीने चढतो आहे. मधल्या काळात घरात दह्यातली कोशिंबीर रोज होत होती आणि मी बघत होतो.

मथुरेची बाटली इद्रीस घेऊन निघाला आहे. तिला मी सांगितले, सगळ्यांच्याच मागवल्या आहेत.

रावजी


पुणे, २८ जुलै

ती. मास्तर,

बाटलीत ताप आहे.

आत्याला दुसऱ्या गावी पाठवायचा विचार सोडा. तिथेही कोणाचे तरी बारसे असेल आणि ती पदर खोचेल. तिला खरे सांगावे लागेल. मी वरून हुकूम काढू शकतो, तलाठी येऊन वाचून दाखवील. तसे व्हावे असे मला वाटत नाही. तुम्ही सांगा. शिजवून, कढत असेल ते अन्न चालते. वाटलेले, कालवलेले, थंड काही तिच्या हातचे दुसऱ्याने खायचे नाही. कधीच. ह्यावर इलाज अजून निघालेला नाही.

सोबत साबणाच्या सहा वड्या आहेत. बाजारच्या साबणात चरबी असते, ती आत्या शिवणार नाही. ह्या खोबरेलाच्या आहेत. प्रयोगशाळेत करवून घेतल्या, ढवळल्या मी.

खात्याच्या कागदासाठी एक विचारतो. तिला पूर्वी असा ताप कधी आला होता काय? कोणत्या साली, आणि घरात आधी कोणाला होता?

वहिनींना जपा.

हरिश्चंद्र


सडेवाडी, ७ ऑगस्ट

चि. हरी,

सांगितले. दुपारी, माजघरात. ती तांदूळ निवडत होती. तुझे पत्र वाचून दाखवले. म्हणाली, "परत वाच." परत वाचले.

"माझ्या हातांत?"

"पोटात. हातांवाटे."

"सोवळ्यात असताना?"

"सोवळ्याला तो जुमानत नाही, असे हरी म्हणतो."

तिने हात उलटे-सुलटे करून पाहिले. मग विचारले, "काशी?" मी पत्राची घडी घातली. तिला तेवढे पुरले. तिने सूप बाजूला ठेवले, अर्धे निवडलेले, आणि पडवीत जाऊन बसली. आज सहा दिवस चुलीकडे गेली नाही. शिजवलेले चालते म्हटले, तरी नाही. केळे आणि दूध. स्वयंपाक मी करतो. भात खाली लागतो आणि वर कच्चा राहतो. मालनने त्यावर एक आर्या केली आहे, ती मी तुला कळवणार नाही. आनंदीचा ताप उतरणीला लागला, देवाची कृपा.

तुझ्या प्रश्नाने मात्र मला मागच्या किती गोष्टी आठवून दिल्या. ताप आला होता ना. एकोणीसशे दोन साल, ती नुकतीच आमच्याकडे आली होती, चोवीस वर्षांची. तू पडवीत आजारी पडलास, तीन आठवडे. आई नसलेले पोर, मी घाबरून गेलो होतो. तिने तुला उचलले. तुझी धोतरे पाटाच्या पाण्यावर धुवायची, तुला पेज भरवायची, तू बरळायचास तेव्हा तुझीच कविता तुझ्या कानात म्हणायची, चुकीच्या चालीवर. दसऱ्याला तू उठून ओटीवर आलास आणि खांब धरून मला अख्खी कविता म्हणून दाखवलीस. त्याच दिवशी ती आडवी झाली. आम्ही म्हटले, दमली. तिलाही तीन आठवडे लागले. पण दोघेही वाचलात. त्या वर्षी देवाची आमच्या घरावर फार मर्जी होती, असे मी अजून सांगत असतो.

इतके पुरे ना तुझ्या कागदाला?

तुझा
रावजी मास्तर


पुणे, ३० ऑगस्ट

ती. मास्तर,

हे पत्र आत्यासाठी आहे. तिला वाचून दाखवा. काही गाळू नका.

आत्या,

ह्या महिन्यात दोनदा रत्नागिरीला फिरतीवर आलो. दोन्ही वेळा हातखंब्याला मोटार थांबवली, तुमच्या बाजूच्या रस्त्याकडे पाहिले, आणि सरकारी बंगल्यावर जाऊन निजलो. म्हणून लिहितो.

आमचे काम उलट्या पावलांचे असते. शेवटच्या आजाऱ्याकडून मागे मागे जायचे, पहिला सापडेपर्यंत. बहुतेक वेळा तो सापडत नाही. तुझ्या बाबतीत सापडला. मास्तरांनीच लिहून पाठवला, त्यांच्या लक्षात आले नाही. वय तेरा, राहणार मास्तरांची पडवी. मी.

तो ताप मी कोठून आणला ते आता कळायचे नाही. तुला तो माझ्याकडून आला, माझी धोतरे धुताना. मी बरा झालो आणि शिकायला गेलो. तो तुझ्यात राहिला. मी गावोगावच्या विहिरी धुंडाळल्या, दुसऱ्यांची घरे मोजली, आणि एकोणतीस वर्षे माझा ताप तू सांभाळलास. काशीचा विचार करशील तेव्हा एवढे लक्षात ठेव. ती वाट तुझ्यापासून सुरू होत नाही.

अहवालात मला 'अन्न करणारी एक स्त्री' असे लिहावे लागले. त्याखाली मी लिहिले, 'तिला हा रोग प्रस्तुत अंमलदाराच्या शुश्रूषेत जडला.' वरिष्ठ म्हणाले, हे वाक्य काढा, गैरलागू आहे. मी काढले नाही.

क्षमा मागायला पत्र अपुरे आहे हे मला कळते. समोर येण्याचे धैर्य होईल तेव्हा येईन.

हरी


सडेवाडी, ८ सप्टेंबर

हरी,

दादा लिहितो आहे, मी बोलते आहे. तो शब्द सुधारतो म्हणून मधून मधून परत वाचून घेते.

तुझं पत्र वाचताना तो तीनदा थांबला. शेवटी मी म्हटलं, दे इकडे, मालन वाचील. मालननं खडाखडा वाचलं. तिच्या डोक्यावर आता बोटभर केस आले आहेत.

तू दिलास आणि मी घेतला, हे कळलं. बरं झालं कळलं. पण तू क्षमा कसली मागतोस? तेरा वर्षांचं पोर, अंथरुणात भिजलेलं. तुझी धोतरं धू म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं. विधवा होऊन चार महिने झाले होते, घरात माझा कुणाला उपयोग नव्हता. तुला उचलला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपण आहोत. ते मी परत देणार नाही. आज तू तसा पडलास तर आजही धुवीन, मग तुझ्या त्या साबणानं हात धुवीन. साबण बरा आहे. वास खोबऱ्याचा येतो.

काशीचं तू एकट्यानं घेऊ नको. पोर माझ्या हातची डाळ दोनदा मागून गेली होती. मी तिच्या सासूकडे गेले आणि सगळं सांगितलं. वाटलं, ती मला बोलेल, मारील. ती म्हणाली, "अगो, तुझ्या हातात कसला ताप? तू सोवळ्यातली. पुण्याच्या डॉक्टरांना काय कळतं. गणपतीला सारण तूच करायचं हो." बोलली असती तर बरं होतं, हरी. मग मी घरोघर गेले. सगळ्या तेच म्हणतात. कुणाचाच विश्वास बसत नाही. आजवर मला नको म्हणणारे होते, मी नको म्हणायची वेळ कधी आली नव्हती. आता रोज कुणीतरी बोलवायला येतं आणि मी नको म्हणते. सांगायचं काय, की तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवता ना, मग हेही माझंच ऐका. दोघीतिघींना पटलं आहे. भागोजीला एकदम पटलं. म्हणाला, "डाळ ग्वाड व्हती, पर ताप बी तसलाच व्हता."

चुलीकडे परवापासून गेले. भात, आमटी, कढत कढत, घरच्यांपुरतं. दादाचा भात आणखी खाल्ला असता तर ताप लागला नसता पण जीव गेला असता. हे त्यानं लिहिलं की नाही ते मी बघणार आहे.

गणपती मंगळवारी बसतो. गौरीजेवणाला तू ये. हातखंब्याला थांबायचं काय कारण नाही, मोटार आहे ना तुझ्याकडे? आनंदी आता बरी आहे, ती रांधील आणि तीच वाढील. मी पानात काही घालणार नाही. तुझ्या समोर पाट टाकून बसेन आणि तू जेवतोस ते बघेन. त्यानं कुणाला काही होत नाही ना, तेवढं उलट टपाली कळव. म्हणजे पाट काढून ठेवते.

तुझी
मथुआत्या